सही कोणाची?

आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर पाच चेहरे आहेत आणि पाचही नावांखाली 'समाजसेवक' असे छापले आहे. त्याला माझी हरकत नाही. मात्र एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरी करणाऱ्या मला पाहुणे अजून विचारतात, "याचा पगार मिळतो?"

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवलेल्या असतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आलेल्या बाईच्या कागदांवर शेरा मारते ती समाजसेविकाच. मूल कोणाच्या घरी राहावे हे ठरवताना बालकल्याण समितीही समाजकार्यकर्त्याने लिहिलेला सामाजिक तपासणी अहवाल वाचते. इतके वजन असलेली ही सही करणाऱ्या सगळ्यांची एकत्र नोंद मात्र कुठेच नाही. वकिलांच्या नोंदणीसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी १९७२ चा कायदा आहे. समाजकार्याचे शिक्षण मुंबईत नागपाड्याला १९३६ सालीच सुरू झाले, तरी या संपूर्ण व्यवसायासाठी देशपातळीवर नोंदणी करणारी परिषद नाही. संलग्न (डॉक्टर-परिचारिकांखेरीजच्या) आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मानसिक आरोग्य क्षेत्रातले समाजकार्यकर्ते आले. निरीक्षणगृहात किंवा पाड्यावर काम करणाऱ्यांचे काय?

इंग्लंडमध्ये नोंदणी नसताना, फसवण्याच्या हेतूने 'सोशल वर्कर' म्हणवून घेणे १ एप्रिल २००५ पासून गुन्हा आहे. तिकडे गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला इथली पदवी तपासून घेऊन नाव नोंदवावे लागले; आता तिचे नाव कोणालाही त्या यादीत शोधता येते आणि तिच्याविरुद्ध तक्रारही करता येते.

नोंदणीने चळवळीतली माणसे बाहेर फेकली जातील, ही भीती मला खरी वाटते. बाबा आमटे शिक्षणाने वकील होते. म्हणून सेवा करण्यावर बंधन नको, ज्या सहीने कोणाचा हक्क ठरतो त्या सहीपुरतीच नोंदणी सक्तीची असावी, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या अहवालात 'गृहभेटीच्या वेळी घर बंद आढळले' असे वाक्य मी वाचले होते. त्या दिवशी त्याची आजी सकाळपासून उंबऱ्यातच बसून होती. तक्रार गेली ती अहवाल लिहिणारा ज्या संस्थेत नोकरीला होता तिच्याकडेच. अहवाल लिहिणाऱ्याने राजीनामा दिला आणि महिन्याभरात तो शेजारच्या जिल्ह्यात त्याच पदावर रुजू झाला.