आमची वाटचाल : नवी पेठेतलं घड्याळाचं दुकान

१९७८ साली अण्णांनी नवी पेठेत एका बोळाच्या तोंडाशी टेबल टाकलं, तेव्हा सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचं. पाळी चुकू नये म्हणून कामगार एचएमटीचं जनता किंवा पायलट जिवापाड जपायचे. अण्णा गिऱ्हाइकाशी मराठी, तेलुगू, कानडी, ज्याच्या त्याच्या भाषेत बोलायचे. पुढे गिरण्या बंद पडल्या, मोबाईल आले. सेल आणि पट्टे बदलण्यावर दुकान कसंबसं चाललं होतं.

अशातच एक गिऱ्हाईक सिको या जपानी कंपनीचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आलं. चौकोनी, एकाच तोंडावर काटेही आणि आकडेही. त्यांच्या काकांनी आखातातून आणलेलं. आत सेल गळून हिरवट थर साचला होता. तो भिंगाखाली खरवडून काढला, मशीन चालू झालं, आणि त्या आनंदात मी न विचारताच केसला, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला, बफ मारला, घासून चकचकीत केलं. ते गृहस्थ घड्याळ हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "झकास दिसतंय ओ, पण काकांचं वाटत नाही." मग त्यांनीच सांगितलं : हे सिकोचं एच ३५७, १९८१च्या 'फॉर युवर आईज ओन्ली'मध्ये जेम्स बाँडच्या, म्हणजे रॉजर मूर यांच्या हातात होतं ते. घासून गोल झालेल्या कडा काही परत आणता येत नाहीत. मी मजुरी घेतली नाही, पण ती रुखरुख आजही आहे.

आमच्या धंद्याला वळण लागलं ते तिथून. बाँडची घड्याळं जमवणारे सोलापुरात आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं. १९६२च्या पहिल्या चित्रपटातलं रोलेक्स सबमरीनर आमच्या गिऱ्हाइकांच्या आवाक्यातलं नाही. १९९५पासून बाँडच्या हातात ओमेगा सीमास्टर आहे, तेही बहुतेकांना परवडत नाही. पण १९७७पासून आठेक वर्षं त्याच्याकडे सिको होतं, आणि तसली सिको आपल्याकडच्या कितीतरी घरांत कपाटाच्या तळाशी पडून आहेत. उदयपूरला चित्रीकरण झालेल्या 'ऑक्टोपसी'तलं सिको जी ७५७ हे तर माझं सगळ्यात आवडतं काम. आकडे पुसट झाले की लोकांना वाटतं घड्याळ संपलं. बरेचदा काचेवरची पोलरायझरची पातळ फिल्म तेवढी उन्हानं खराब झालेली असते. ती बदलली की आकडे पुन्हा ठसठशीत. सर्किटच गेलं असेल, तर मात्र दुसऱ्या घड्याळाचं मिळेपर्यंत थांबावं लागतं, कधी वर्षभर.

पट्ट्याचं काम तर सोलापूरचंच म्हणायला हवं. 'गोल्डफिंगर'मध्ये, म्हणजे १९६४ साली, शॉन कॉनरी यांच्या रोलेक्सला पट्ट्यापट्ट्यांचा नायलॉनचा पट्टा होता. तो काळा-करडा असावा असा अनेक वर्षं समज होता. चित्रपटाच्या चांगल्या प्रती आल्यावर कळलं, गडद निळा, त्यात लाल आणि हिरव्या रेघा. आमच्या ओळखीचे एक कारागीर नवारपट्टी विणतात. त्यांच्याकडून मी हौसेनं नेमक्या मापाचा, २० मिलिमीटरचा विणून घेतला. संग्राहकांनी तो परत केला! चित्रपटातला पट्टा अरुंद होता, दोन्ही बाजूंना फट दिसते, आणि त्यांना ती फटच हवी होती. मग १६ मिलिमीटरचा विणला. कारागिरांना वाटलं मी माप चुकलो. त्यांना चित्रपटातला फोटो दाखवला तेव्हा पटलं.

अण्णांच्या काळी डायल रंगवून नवा करणं हे कसब समजलं जाई, आणि अण्णांचा हात त्यात फार सुंदर होता. मी ते काम बंद केलं, तेव्हा ते काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मूळ डायल डागाळलेला असला तरी तो तसाच ठेवायचा, असं माझं मत आहे. रंगवलेला डायल मूळचा म्हणून विकला गेला तर घेणारा फसतो. म्हणून आता प्रत्येक बिलावर काय बदललं ते लिहितो आणि काढलेला जुना भाग पुडीत बांधून परत देतो. बफचं मशीन कापडाखाली झाकून ठेवलंय. गिऱ्हाइकानं लिहून दिलं तरच त्यावरचं कापड निघतं.