ड्रॉइंगमध्ये भिंत आहे ना, मग झालं!

सोसायटीची पाण्याची जुनी लोखंडी लाईन गंजली, म्हणून गेटपासून टाकीपर्यंत नवी टाकायचं ठरलं. कोटेशन, सभेची मंजुरी, परवानग्या सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते गॅसच्या पाईपपाशी.

पीएनजीची लाईन आवारातून जाते हे सगळ्यांना ठाऊक, पण नेमकी कुठून ते कोणालाच नाही. 'कॉल बिफोर यू डिग' हे सरकारी ॲप २०२३ पासून आहे. त्यावर खोदायची जागा नि तारीख टाकली की तिथे ज्यांच्या लाईनी आहेत त्यांना निरोप जातो. आमच्या ठेकेदाराने टाकलं. गॅस कंपनीकडून उत्तर आलं, "माणूस पाठवतो." मग त्या माणसाची वाट बघणं आलं. जेसीबी तासाच्या भाड्यावर, आणि ग्रुपवर मेसेज, "सेक्रेटरी फारच घाबरतात बुवा."

अखेर माणूस आला. मोबाईलवर ड्रॉइंग उघडलं, कंपाउंडच्या भिंतीपासून सव्वा मीटर मोजलं, फक्की मारली आणि म्हणाला, "भिंतीलगत बिनधास्त खोदा."

मी म्हटलं, "अहो, ही भिंत नवी आहे. जुनी रस्तारुंदीत गेली, ही मीटरभर आत बांधलीय."

"ड्रॉइंगमध्ये भिंत आहे ना साहेब, मग झालं. इथे सही करा."

सही केली नाही. तो गेला आणि पुन्हा फोनाफोनी सुरू. तुमची तक्रार बंद झालीय, मार्किंग झालंय, असं तिकडून ऐकवायचे. केबल शोधायचं यंत्र आणा म्हटलं, तर आमची लाईन पिवळ्या प्लास्टिकची. सोबत तार सोडलेली नसेल तर त्या यंत्राला ती सापडत नाही. शेवटी लेखी पत्र दिलं, जुन्या भिंतीचा फोटो जोडला, तेव्हा कुठे त्यांचा सुपरवायझर आला. त्याने एका शब्दात सांगितलं, आधी हाताने चाचणी खड्डे घ्या.

भिंतीलगतच्या पहिल्याच खड्ड्यात पिवळी पट्टी दिसली, धोक्याची सूचना छापलेली. ही पाईपच्या साधारण फूटभर वर अंथरलेली असते. ती दिसली की टिकाव आणि पहार बाजूला ठेवायची, फावड्याने हळूहळू माती काढायची. खाली पाईप होता, भिंतीपासून जेमतेम वीतभर. बिनधास्त खोदायला सांगितलेली जागा हीच! ग्रुपवर फोटो टाकला. मग कोणी काही बोललं नाही.

पाईपला नुसतं खरचटलं तरी कंपनीला कळवा, गुपचूप बुजवू नका. बेल्जियममध्ये जुलै २००४ मध्ये यंत्राने आधीच दुखावलेली मोठी लाईन नंतर फुटली, २४ माणसं गेली. गळती झालीच तर वर माती लोटू नका, गॅस ड्रेनेजमधून घरात शिरतो. मशीन तिथेच सोडून लांब जा, तिथे मोबाईलही नको, लांबून इमर्जन्सी नंबर लावा. तो गॅसच्या बिलावर असतो. आधीच सेव्ह करा.

बुजवताना पाईपभोवती वाळू किंवा चाळलेली माती घाला, दगड नको, आणि ती पट्टी परत अंथरा. आमचा ठेकेदार ती कचऱ्यात टाकायला निघाला होता.

सहीआधी मोजमाप कशापासून घेतलंय ते विचाराच. आम्ही खड्डा उघडा असतानाच इमारतीच्या कोपऱ्यातल्या कॉलमपासून टेप लावून फोटो काढले, अंतर लिहून पाठवलं. ते ड्रॉइंगमध्ये चढलं का, हे विचारायला फोन केला की अजून एकच उत्तर मिळतं, "कळवतो."