काळं होतं, शिळं नव्हतं

आखाड संपत आला की बेळगावात मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. श्रावण तोंडावर असतो, खाटकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. अशाच एका दुपारी आमच्या लॅबमध्ये एक खाटीक मामा आणि एक खानावळवाले तावातावाने बोलतच शिरले. पिशवीत बोकडाच्या मांडीचा तुकडा होता. रंग जांभळट काळा, हाताला चिकट.

खानावळवाल्यांचं म्हणणं, हे दोन-तीन दिवसांचं शिळं आहे, पैसे देणार नाही. मामा म्हणाले, "काल सांजेला माझ्या हातानं कापलंय ओ मॅडम. शिळं विकतो म्हणून बोभाटा झाला की माझ्याकडं कोण येणार?"

पहिल्यांदा निअर-इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातला स्पेक्ट्रम घेतला: मांस कोणत्या लांबीच्या लहरी किती शोषतं, त्याचा आलेख. साधारण 780 ते 2500 नॅनोमीटरच्या या पट्ट्यात पाणी, चरबी आणि प्रथिनं आपापली खूण ठेवतात. पाण्याची ठळक खूण 1450 आणि 1940 च्या आसपास. आधीच्या नमुन्यांवरून ताजं-शिळं ओळखणाऱ्या आमच्या संगणकी मॉडेलने तुकडा शिळ्याच्या बाजूला टाकला. तेवढ्यावर सही करणं मला पटेना. ते मॉडेल नेहमीच्या लालसर मटणावर बसवलेलं. मांसाने पाणी घट्ट धरून ठेवलं, त्यामुळे आत उजेड कमी विखुरला, तर त्याचा अंदाज ढळू शकतो. एका किरणाच्या साक्षीवर कुणाचा धंदा बुडवू नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून दृश्य प्रकाशात पाहिलं. मटणाचा रंग मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. मांस जुनं होऊन तपकिरी पडतं तेव्हा त्याचं मेटमायोग्लोबिन होतं आणि 630 च्या जवळ शोषणाचा उंचवटा दिसतो. इथे तो नव्हताच. 555 च्या आसपास एकच रुंद पट्टा होता, म्हणजे ऑक्सिजन न मिळालेलं मायोग्लोबिन. ताजा काप देऊन अर्धा तास हवेत ठेवला, तरी लाली जेमतेमच आली. मग फ्लुरोसन्स. चरबी खवट होताना तयार होणारी संयुगं अतिनील उजेडात निळसर चमकतात. मुद्दाम जुनं करून ठेवलेल्या नमुन्यात ती चमक स्पष्ट होती, मामांच्या तुकड्यात नाममात्र.

तिन्ही स्पेक्ट्रम नुसते एकामागे एक जोडले तर शेकडो बिंदूंचं निअर-इन्फ्रारेड बाकीच्यांना दाबून टाकतं. म्हणून प्रत्येकातून त्याचं सार सांगणारे मोजके आकडे, म्हणजे मुख्य घटक, काढले, एका मापावर आणले आणि मग एकत्र मांडले. आता तुकडा शिळ्या नमुन्यांपासून लांब गेला, पण नेहमीच्या ताज्यांतही बसेना. मग आम्लता मोजणारा पीएच मीटर खुपसला (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त): 6.4. कापल्यावर एवढ्या वेळात तो साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरायला हवा होता.

मी विचारलं, "मामा, बोकड आणलं कुठनं?"

गोकाककडच्या बाजारातून. टेम्पोत दाटीवाटीने, पावसात भिजत, अनोळखी बोकडांशी टकरा घेत. चारा नाही, पाणी नाही, उतरवल्या उतरवल्या सुरी. जनावराच्या स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, अशा दमणुकीत संपतं. मग कापल्यावर लॅक्टिक आम्ल पुरेसं तयार होत नाही, पीएच वरच राहतो, पेशी ऑक्सिजन खात राहतात आणि मांस काळं, घट्ट, चिकट दिसतं.

जिवाणूंच्या प्लेटा लावल्या; दोन दिवसांनी त्यांवरची वाढही बेताचीच निघाली. पण खानावळवाल्यांचा संशय अगदीच वावगा नव्हता, हेही मी त्याच दुपारी दोघांसमोर सांगितलं. पीएच चढा असलेलं मटण टिकत नाही. साखर नसल्याने जिवाणू लवकर अमिनो आम्लांकडे वळतात आणि वास लवकर सुटतो. असलं मटण फ्रीजमध्ये साठवू नका, त्याच दिवशी शिजवा.

खानावळवाल्यांनी पैसे दिले, थोडे कमी करून. मामांनी ते घेतले आणि विचारलं, "आदल्या दिवशी आणून, पाणी पाजून, वेगळं बांधलं तर लाल पडंल का?"

मी म्हटलं, "बहुतेक पडेल. पुढचं बोकड तसं ठेवा आणि तुकडा घेऊन या, मोजून सांगते."