तुम्ही विचारलंत म्हणून: लावलेली कातडी गेली कुठे?

मधुमेहींच्या तळपायाच्या जखमांची ड्रेसिंगं करते मी. त्यामुळे हा प्रश्न मला सारखा येतो, बहुतेकदा कुजबुजत: "सिस्टर, ती लावलेली कातडी गळून गेली हो. फुकट गेलं का सगळं?"

नाही गेलं. ती जायचीच असते. मांडीवरची स्वतःची कातडी काढून लावली तर ती रुजते. ही मात्र उसनी. 'अ‍ॅप्लिग्राफ'सारख्या तयार त्वचेतल्या पेशी नवजात बाळांच्या सुंतेत निघालेल्या त्वचेपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या असतात. काही आठवड्यांत त्या नाहीशा होतात. पण तोवर त्यांच्यातून पाझरणारी वाढीची द्रव्यं थंड पडलेल्या जखमेला जागं करतात आणि तुमचीच कातडी कडेने आत सरकू लागते. मधल्या काळात वर पिवळट, बुळबुळीत थर दिसतो. एका आजोबांच्या मुलाने तो पू समजून घरीच खरवडून काढला होता. बिचाऱ्याने मनापासून सेवा केली! (पू वाटला, वास आला, लाली पसरली किंवा ताप भरला तर आम्हाला दाखवा. खरवडू नका.)

आणि हो, जादू नाही ही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅप्लिग्राफच्या चाचणीत 208 रुग्ण होते. बारा आठवड्यांत ही त्वचा लावलेल्यांपैकी 56 टक्क्यांच्या जखमा पूर्ण भरल्या, नुसत्या ओल्या ड्रेसिंगवाल्यांच्या 38 टक्के. फरक आहेच. पण त्या 38 टक्क्यांकडेही बघा. मेलेला भाग वेळोवेळी काढणं आणि पायावरचा भार हटवणं, एवढं दोन्हीकडे होतं. आणि पायाला रक्तच पोचत नसेल, तर आधी रक्तवाहिन्यांचं बघावं लागतं. तिथे वर काहीही लावा, जखम ढिम्म हलत नाही.

खरं भांडण होतं ते भारावरून. बधिर पाय दुखत नाही, मग माणूस चालतो. आजोबाही शपथेवर सांगायचे, "दहाच पावलं चाललो, बाथरूमपर्यंत." मी विचारलं, दिवसातून किती वेळा? सहा-सात. परत येताना? तीही दहा. आजोबा बोटांवर मोजत गेले, मग बोटं थांबली. सुनेने उठून खोलीतच कमोडची खुर्ची ठेवायला जागा केली.