मरळीसाठी बासचे साहित्य : तेरा महिन्यांच्या नोंदी

नागपूरच्या आसपास बास मासा मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. पण त्याच्यासाठी घडवलेले रॉड आणि रीळ आपल्या मरळीला जवळजवळ जसेच्या तसे चालतात, कारण दोन्ही माशांची रीत एकच आहे : पाणवनस्पतीच्या आडोशाला दबा धरून बसायचे, वरून काही सरपटत गेले की झडप घालायची आणि गळ लागताच पुन्हा त्याच गचपणात शिरायचे. ताकदीचा प्रश्नही उरत नाही. जॉर्ज पेरी यांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आणि मानाबू कुरिता यांनी २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात पकडलेले विक्रमी बास सुमारे १० किलोंचे होते. आपल्या तलावांत दोन किलोंची मरळ मिळाली तरी तो दिवस मोठा समजावा.

गेल्या एप्रिलमध्ये मी खरेदी सुरू केली ती नेमकी उलट्या क्रमाने. आधी दिसायला देखणा म्हणून साडेसहा फुटी मीडियम रॉड घेतला, त्यावर ३००० आकाराचे स्पिनिंग रीळ चढवले आणि उरलेल्या पैशांत ०.३० मिलिमीटर जाडीची नायलॉन लाईन भरली. लाईन म्हणजे शेवटी दोराच, असा माझा समज होता. मे महिन्यात रामटेकच्या बाजूच्या एका तलावावर, तो ठेक्याने घेतलेल्या मत्स्यव्यवसाय संस्थेच्या लोकांना विचारून, बेशरमीच्या झुडपांच्या कडेने १४ ग्रॅमचा रबरी बेडूक, म्हणजे बेडकाच्या आकाराचे नकली आमिष, फिरवत होतो. सकाळभरात तीन वेळा पाणी फुटले, तीनही वेळा मी जोरात हिसका दिला आणि तीनही वेळा बेडूक रिकामा परतला. काठावर जाळे सोडवत बसलेल्या ढिवरकाकांनी निदान केले, "भाऊ, मासोळीनं धरलं होतं, तुमचा दोराच रबरावानी ताणला."

ते शब्दशः खरे होते. नायलॉनवर जोर पडला की तिची लांबी पाचव्या-चौथ्या हिश्शाने वाढू शकते, त्यामुळे वीस मीटरवरून दिलेला हिसका वाटेतच मुरतो आणि मरळीच्या हाडाळ जबड्यापर्यंत पोचतो तो नुसता धक्का. त्यातून रबरी बेडकाचे दोन्ही गळ शरीराला चिकटून असतात. माशाने तो चावून दाबल्याशिवाय ते उघडे पडतच नाहीत. म्हणून पाणी फुटताच हिसका न देता लाईन ताठ होऊन वजन जाणवेपर्यंत थांबायचे असते, आणि ही चूक मात्र नायलॉनच्या माथी मारता येत नाही.

तेव्हापासून मी लाईनपासून मागे मागे विचार करू लागलो. कुठल्या पाण्यात उतरायचे, तिथे कोणते आमिष चालेल, ते आमिष कोणती लाईन मागते, ती लाईन कोणता रॉड पेलेल आणि रीळ सगळ्यांत शेवटी. पॉलिइथिलीनच्या धाग्यांची विणलेली ब्रेडेड लाईन ताणली जवळजवळ जात नाही, पाण्यापेक्षा किंचित हलकी असल्यामुळे तरंगते, आणि जलपर्णीच्या देठांतून करवतीसारखी चिरत जाते. बेडकासाठी ३० ते ५० पौंडांचा ताण पेलणारी ब्रेडेड घेतली की दुसरा विचार करावा लागत नाही. फ्लुओरोकार्बन या तिसऱ्या प्रकारच्या लाईनची कीर्ती ती पाण्यात दिसत नाही अशी आहे, आणि तिचा अपवर्तनांक सुमारे १.४२, म्हणजे नायलॉनच्या १.५३ पेक्षा पाण्याच्या १.३३ च्या जवळ असल्यामुळे ती कीर्ती खोटीही नाही. पण ती बुडते आणि तरंगत्या बेडकाचे नाक खाली ओढते, शिवाय आपल्या तलावांच्या हिरव्या, गढूळ पाण्यात तिच्या अदृश्यतेचे कौतुक करायला मासा तरी कुठून शोधायचा? मी बेडूक आता पालोमार गाठीने थेट ब्रेडेडलाच बांधतो.

ब्रेडेड लाईननेही सप्टेंबरमध्ये एक धडा शिकवला. नवी लाईन भरल्यावर पहिलीच बरी मरळ लागली आणि रीळ ड्रॅग, म्हणजे लाईन किती जोराने सुटावी हे ठरवणारा ब्रेक, कितीही आवळला तरी लाईन सोडतच राहिले. ड्रॅग बिघडला असे समजून मी घरी वर्तमानपत्र पसरून रीळ पूर्ण खोलले, वॉशर पुसले, पुन्हा जुळवले, तरी तेच. शेवटी स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळलेली चक्री, एका हाताने घट्ट धरून लाईन ओढून पाहिली, तेव्हा स्पूल जागच्या जागी आणि त्यावरची लाईन मात्र बांगडीसारखी अखंड फिरताना दिसली. ब्रेडेड गुळगुळीत असते, ती धातूला धरत नाही. म्हणून आधी नायलॉनचे दहा-बारा वेढे घालून त्यावर ती बांधावी लागते. आता प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा लाईनच्या टोकाला अडकवून मी ड्रॅग साडेतीन किलोंवर लावतो, जो ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो क्षमतेच्या साधारण पाव हिश्शाइतका होतो.

रॉडच्या बाबतीत पॉवर आणि अ‍ॅक्शन या दोन शब्दांची गल्लत मी बरेच दिवस करत होतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट रॉड टोकाच्या भागातच वाकतो, मॉडरेट निम्म्यापर्यंत. बेडकासाठी सात फुटी, मीडियम हेवी, फास्ट कास्टिंग रॉड ऑक्टोबरमध्ये आणला. रॉडवर आमिषाचे वजन औंसांत छापलेले असते, ते २८ ने गुणून ग्रॅम करून घ्यावेत. माझ्यावर ३/८ ते १ औंस, म्हणजे साधारण साडेदहा ते अठ्ठावीस ग्रॅम, असे होते. आणला त्याच रात्री बैठकीत तो जोडून हवेत फिरवून पाहिला, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्याने त्याचे वरचे चार इंच कापून टाकले. घरच्यांचे शब्द इथे नोंदवत नाही. तुटल्या जागी मोठ्या भोकाचे टोकाचे कडे, म्हणजे लाईन शेवटी ज्यातून बाहेर पडते ते, गरम चिकटद्रव्याने बसवले. रॉड आता आणखी ताठ झाला आहे, दहा-बारा ग्रॅमचे आमिष मुळीच फेकत नाही, पण बेडूक उत्तम फेकतो.

त्यावरचे बेटकास्टिंग रीळ, म्हणजे आमिष फेकताना ज्याचे स्पूल स्वतः फिरते ते, ७.१:१ गतीचे आहे, म्हणजे मूठ एकदा फिरवली की स्पूल सात वेळा फिरते आणि मरळ आपल्याकडे धावत आली तरी ढिली लाईन चटकन गोळा होते. गुंता टाळण्यासाठी स्पूलचा ताण असा लावावा की आमिष सोडल्यावर ते सावकाश खाली यावे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावे. बाकीचे काम फिरत्या स्पूलवर टेकवलेल्या अंगठ्याचे. तो अंगठा मी डिसेंबर-जानेवारीत घराजवळच्या मैदानावर घडवला. संक्रांतीचे दिवस, सगळ्या पोरांच्या हाती चक्री, एकाने बराच वेळ निरखून विचारले, "काका, तुमची पतंग कुठे गेली?" लाईनचे कापलेले तुकडे मात्र मी मैदानात किंवा काठावर सोडत नाही, नायलॉन मांजाने अडकलेले पक्षी आपण नागपुरात दरवर्षी पाहतो.

पहिला देखणा रॉड वाया गेला नाही. त्यावर १५ पौंडांची ब्रेडेड आणि हातभर फ्लुओरोकार्बन जोडून पाच-सात ग्रॅमची मऊ रबरी आमिषे उघड्या पाण्यात छान जातात.

मेच्या पहिल्या आठवड्यातली शेवटची नोंद : पहाटे साडेपाच ते आठ, चार झडपा, दोन मासे, मोठी मरळ एक किलो सातशे ग्रॅम, दोन्ही परत सोडल्या. घरी आल्यावर रॉडच्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवला, तर तिसऱ्या कड्यात धागे अडकले. आतल्या सिरॅमिकला केसाएवढी चीर आहे. ते कडे बदलायला आता वेळच वेळ आहे, कारण पाऊस पडला की पिलांचे केशरी थवे वर येतात, खाली आईबाप राखण करत असतात, आणि ते असेपर्यंत मी रबरी बेडूक डब्यातून काढत नाही.