फाँतेनब्लोच्या जंगलात आठ दिवस : बोल्डरिंगला जाणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरमध्ये आम्ही पाच जण फाँतेनब्लोला जाऊन आलो, दोघं पुण्याहून आले होते आणि आम्ही तिघं जर्मनीतून, आणि आल्यापासून ग्रुपवर एवढे जण विचारतायत की म्हटलं सगळं एकदाच लिहून टाकते.

पॅरिसच्या दक्षिणेला साधारण ६० किमीवर हे जंगल आहे, त्यात सॅंडस्टोनचे हजारो खडक विखुरलेत, बरेचसे तीन-चार मीटर उंचीचे, म्हणजे बोल्डरिंगला दोर नाही, हार्नेस नाही, खाली क्रॅश पॅड (जाड गादी) टाकायचं, मागे कोणीतरी स्पॉट करायला, म्हणजे पडलं तर सावरायला, उभं राहायचं आणि चढायचं. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता, ही त्याचीच वाळू, क्यू द शियाँ भागात तर झाडांच्या मधोमध पांढरीशुभ्र पुळण पसरलीये, पहिल्यांदा बघितल्यावर आम्ही सगळे गप्पच झालो.

आम्ही मिली-ला-फोरे गावाजवळ घर भाड्यानं घेतलं, पाच जणांत हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं आणि किचन मिळतं. गावात १४७९ सालचा मोठा लाकडी मंडप आहे, त्याच्याखाली दर गुरुवारी दुपारी बाजार भरतो, चीज, सफरचंदं, भाज्या सगळं तिथूनच घेतलं. रविवारी दुपारनंतर दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारीच सामान भरून ठेवा. रोजचा डबा म्हणजे बागेत (लांबुळका फ्रेंच पाव) आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी, खडकावर बसून खाताना याहून चांगलं काही लागत नाही.

आता खरं सांगायचं ते खडकाबद्दल. आपल्याला सह्याद्रीच्या कातळाची सवय, खाच दिसली की बोटं अडकवायची आणि ओढायचं. इथं ते चालत नाही. इथले होल्ड, म्हणजे हात-पाय टेकवायच्या जागा, गोल, गुळगुळीत उताराचे, अख्खा तळवा दाबून धरायचा आणि सगळा भार पायावर. पहिल्या दिवशी जिममधल्या ग्रेडच्या (अवघडपणाच्या श्रेणीच्या) हिशोबानं अवघड प्रॉब्लेम, म्हणजे एकेका खडकावरच्या चढाया, शोधत फिरलो आणि संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी मैत्रीण म्हणाली की आपण सर्किट (खुणा केलेल्या खडकांची ओळीनं चढाई) करूया, आणि तिथून ट्रिप खऱ्या अर्थानं सुरू झाली. खडकांवर रंगानं छोटे आकडे आणि बाण काढलेले असतात, पिवळं सोपं, मग नारिंगी, निळं, लाल, पुढे काळं-पांढरं, एका नंबरवरून उतरलं की बाण पुढच्या खडकाकडे नेतो. नारिंगीतल्या एका स्लॅबवर (तिरक्या, सपाट कातळावर) हाताला काहीच नव्हतं, फक्त बोटाच्या पेराएवढा एक खळगा पायाला, मी पाच वेळा घसरले, मग टाच खाली सोडून, शरीर खडकापासून लांब ठेवून हळूच उभी राहिले आणि बूट चिकटला. आठ दिवसांत जे शिकले ते बहुतेक त्या एका पावलात आहे, त्यामुळे ग्रेड कितीही असो, पहिले दोन दिवस पिवळ्या-नारिंगीला द्याच.

मंगळवारी रात्री पाऊस झाला. बुधवारी ऊन पडलं तरी आम्ही चढलो नाही. ओला सॅंडस्टोन आतून ठिसूळ होतो आणि वरून कोरडा दिसला तरी होल्ड तुटतात, एका खडकावर नुकताच तुटलेला होल्ड बघितला, आजूबाजूला करडा आणि मध्ये तळहाताएवढा ताजा पांढरा डाग, बोट फिरवलं तर वाळू हाताला येत होती. तो होल्ड आता परत येणार नाही. म्हणून कळकळीनं सांगते, पावसानंतर निदान एक दिवस थांबा, शंका असेल तर दोन, त्या दिवशी पॅरिस बघा नाहीतर जंगलात चाला. चढण्याआधी बुटाचे तळवे पुसायला जुनं पायपुसणं न्या, वाळूनं खडक घासला जातो, आणि निघताना चॉकच्या (हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीच्या) खुणा मऊ ब्रशनं पुसा.

पॅड आधीच बुक करा, आम्ही ऐन वेळी घेतले आणि एकाचा पट्टा तुटका निघाला, तो पाठीवर नेताना फार हाल झाले, पाच जणांना निदान तीन पॅड हवेत. पॅरिसच्या गार द लियाँहून फाँतेनब्लो-आव्हाँला ट्रेननं साधारण ४० मिनिटं लागतात पण मिलीकडच्या त्र्वा पिन्याँ भागात राहायचं तर गाडी हवीच. पार्किंगमध्ये गाडीत काही ठेवू नका, काचा फोडून चोऱ्या होतात. जंगलात पाणी मिळत नाही, जाळ करायला सक्त बंदी आहे, आणि रोज रात्री गोचीड तपासा, गुडघ्यामागे खास. गोचीड काढायचा छोटा हुक तिथल्या फार्मसीत मिळतो.

शेवटच्या संध्याकाळी जंगलातल्या बा क्युव्हिए भागात ला मारी-रोझ नावाचा प्रॉब्लेम ट्राय केला, १९४६ साली रेने फेर्लेनं चढलेला, इथला पहिला ६ए ग्रेडचा. इतक्या लोकांचे पाय लागलेत की देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झालाय. पुण्याचा मित्र सातव्या प्रयत्नात वर पोचला आणि तिथंच बसून राहिला, आम्ही खाली पॅड गुंडाळत होतो, अंधार पडेपर्यंत कोणीच त्याला हाक मारली नाही.