खटपटे आजोबा आणि शिशाचे खिळे

रात्री गोष्ट सांगायची ड्यूटी माझी आणि सध्या आमच्याकडे खटपटे आजोबा चालू आहेत. विक्षिप्त माणूस, केस पिंजारलेले, धोतराला ग्रीस, आणि शेजारची चिमी सदानकदा त्यांच्या खोलीत. मी फॉर्म्युला सोप्पा ठेवलेला, बटण दाबलं की धूर, मग धडाम, आजोबा काळेकुट्ट, चिमी खो खो हसते, चला झोपा. तिसऱ्या रात्री लेक (साडेसात वर्षं) म्हणते, बाबा पण ते मशीन करतं काय?

झाली ना पंचाईत. काहीच करत नव्हतं!

मग सरळ शंकर आबाजी भिसेंकडून उधारी केली. 1867 साली मुंबईत जन्मलेला खराखुरा संशोधक, लोक भारताचे एडिसन म्हणायचे, आणि आपल्याला शाळेत कुणी नावही सांगितलं नाही. पीठ-साखर आपोआप मोजून देणाऱ्या मशीनची कल्पना काढून त्यांनी लंडनच्या एका मासिकाची स्पर्धा जिंकली होती. ते मशीन आजोबांना देऊन टाकलं. वाणी मापात मारतो का यावर चर्चा होऊन ती रात्र निभावली.

पण भिसेंचं मोठं काम म्हणजे छपाईचे खिळे भराभर ओतायचं मशीन, भिसोटाइप. त्यासाठी ते विलायतेला गेले, दादाभाई नौरोजींनी मदत केली, पुढे अमेरिकेत गेले आणि 1935 मध्ये न्यूयॉर्कलाच वारले. हे सगळं गाळून मी फक्त म्हटलं, आजोबा आता खिळे बनवणार. तर ही, भिंतीत ठोकतात ते?

आमचे मोठे मामा छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, होते म्हणून मला तरी माहीत, की एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक तुकडा, त्याला खिळा म्हणायचं, आणि अक्षर उलटं असतं म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. उलटं म्हटल्यावर पांघरूण फेकून ही आरशासमोर. साडेदहा वाजता. बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते इथे लिहित नाही.

मग काना-मात्रांचे प्रश्न. इंग्रजीत 26 अक्षरं, कॅपिटल-स्मॉल धरून बावन्न, आणि आपल्याकडे वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, शेकडो खिळे लागतात राव. तिने बोटांवर चिमी मोजली. च, वेलांटी, म, वेलांटी, चार खिळे. आणि मग स्वतःच थांबली, बाबा बोलताना च आधी येतो पण खिळा वेलांटीचा आधी लावायला लागेल ना? मला चाळीस वर्षांत हे सुचलेलं नाही.

आज रात्री आजोबा चिमीचं नाव छापणार आहेत. मी धडामची तयारी ठेवलेली, पण सकाळी डब्बा भरताना लेकीची ऑर्डर आलीये, आज स्फोट नको, शिसं वितळलेलं असेल, चिमी भाजेल.